कळ आणि अधिकार

सामर्थ्य आणि अधिकार ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, हें तत्त्व कोणी नाकारीत नाहीं. परंतु सामर्थ्य बोटाच्या टोकाशीं येऊन बसलें म्हणजे हा भेद किती लौकर विसरला जातो, हें घरोघरीं बसून पडद्यावर भरविल्या जाणाऱ्या सभांनीं दाखवून दिलें आहे. झूम, गूगल मीट इत्यादि साधनांत यजमानानें एक कळ दाबली कीं सभासदाचा आवाज बंद होतो. दुसरी दाबली कीं तो सभेबाहेर जातो. आतां प्रश्न असा कीं, ज्यास कळ दाबतां येते त्यास ती दाबण्याचा अधिकारही आला काय?

इंग्लंडांत चेशायर परगण्यांतील हँडफर्थ गांवच्या पंचायतीची एक सभा १० डिसेंबर २०२० रोजीं झूमवर भरली होती. यजमानपण जॅकी वीव्हर ह्या बाईंकडे होतें. तुम्हांस येथें अधिकार नाहीं, असें अध्यक्षांनीं त्यांस बजावलें. तंटा वाढतांच बाईंनीं खुद्द अध्यक्षांसच सभेबाहेर काढिलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें त्या सभेचें चित्रण सर्वत्र पसरलें व जगाची करमणूक झाली. पुढें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या चौकशीचा निष्कर्ष असा कीं, बाईंच्या कृतीस नियमांचा आधार नव्हता. मात्र तो विलक्षण प्रसंग पाहतां ती समजण्यासारखी होती.

कोणी म्हणेल, कुकरच्या शिट्या आणि आगंतुक टवाळखोर ह्यांच्यावर दुसरा उपाय कोणता? गोंगाट बंद करण्याविषयीं आमची तक्रार नाहीं. मत बंद करणें ही गोष्ट निराळी. प्रत्यक्ष सभेंत एखाद्यास गप्प करावयाचें तर अध्यक्षास तसें मोठ्यानें म्हणावें लागतें, आणि तेवढ्या अवधींत लज्जा व विवेक ह्यांस आपलें काम करितां येतें. कळ हा अवधि ठेवीत नाहीं.

आम्हीही निर्दोष नाहीं. अशाच एका सभेंत एक वृद्ध गृहस्थ फार लांबण लावीत होते. आम्हीं त्यांचा आवाज बंद केला. पडद्यावरील सूचना त्यांच्या ध्यानांत आली नाहीं. ते बोलतच राहिले. ओंठ हलत होते, मुद्रेवर कळकळ होती, आणि कोणासही कांहीं ऐकूं येत नव्हतें. ‘आतां आवरतें घ्यावें’ एवढें तोंडावर म्हणण्याचें धैर्य आम्हांस नव्हतें. ती उणीव आम्हीं यंत्राकडून भरून काढिली.

ह्या साधनांच्या कर्त्यांनीं एक गोष्ट विवेकानें केली आहे. यजमानास दुसऱ्याचा आवाज बंद करितां येतो, परंतु सामान्यतः त्याच्या संमतीवांचून तो उघडतां येत नाहीं. म्हणजे मनुष्याच्या खाजगीपणाचें रक्षण यंत्रच करितें. त्याच्या बोलण्याचें रक्षण मात्र यजमानाच्या शीलावर सोडलेलें आहे. म्हणून आमचें मत असें कीं, जी गोष्ट चारचौघांसमोर उच्चारून करण्याची आपली तयारी नसेल, ती कळ दाबून कधींही करूं नये.