पैसो आसा, पण हयसर रवणा नाय

वेंगुर्ल्यात डच वखार म्हणून ओळखली जाणारी एक पडकी वास्तू आहे. छप्पर गेलेले, भिंतींवर झाडे उगवलेली. डच 1637 मध्ये वेंगुर्ल्यात उतरले. त्यांना धाडणारी कंपनी 1602 मध्ये स्थापन झाली होती आणि तिचे भाग कोणालाही विकत घेता येत होते. सुमारे 64 लाख गिल्डर जमले. अ‍ॅमस्टरडॅमच्या भागधारकांत एका संचालकाच्या घरी काम करणारी मोलकरीणही होती. तिने 100 गिल्डर घातले होते.

त्या कंपनीने पुढे आशियात जे केले त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या मोलकरणीची आठवण मला सोडत नाही. तिची शिल्लक अर्धे जग ओलांडून वेंगुर्ल्यापर्यंत येऊन कामाला लागली. आज वेंगुर्ल्यातल्या एखाद्या बाईने बँकेत ठेवलेली मुदत ठेव मात्र चार मैलांवरच्या काजू कारखान्यापर्यंत क्वचितच पोचते. सिंधुदुर्गात उद्योग का वाढले नाहीत, या जुन्या प्रश्नाचे मोठे उत्तर या चार मैलांत आहे.

'कोकणात पैसा कुठे आहे?' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते खरे वाटू लागते. वस्तुस्थिती उलटी आहे. मुंबईत भांडवल जमून 1850 च्या दशकात गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि त्यांत राबायला रत्नागिरी जिल्ह्यातून माणसे गेली. सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्याचा भाग होता. तो वेगळा झाला 1 मे 1981 रोजी. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर इथली घरे चालली. पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजायचा, घरातली म्हातारी अंगठा उठवायची, त्यातून वाण्याची उधारी भागायची आणि उरलेले पोस्टाच्या पासबुकात जायचे. 1982 चा गिरणी संप झाला आणि ही धार आटली. पुढे आखाती देश, बोटीवरच्या नोकऱ्या, सरकारी पेन्शन असे दुसरे झरे लागले. जिल्ह्यातल्या बँकांत ठेवी चांगल्या आहेत, त्या मानाने कर्जे थोडी. वाडीतल्या एका जाणत्याने हे मला एका वाक्यात सांगितले होते: "पैसो आसा रे, पण तो हयसर रवणा नाय."

तो राहत का नाही? काजूचाच हिशेब करू. काजू बी बाजारात येते ती साधारण मार्च ते मे. एकदा मृग लागला की हंगाम संपला. कारखाना मात्र बारा महिने चालवायचा, तर वर्षाची बी या तीन महिन्यांतच भरून ठेवावी लागते. समजा, एका लहान कारखान्यात रोज 80 किलोची चार पोती फुटतात. तीनशे दिवसांची झाली 96 टन. किलोला 120 रुपये दर धरला तर 1 कोटी 15 लाख रुपये उन्हाळ्यातच मोजायला हवेत. बॉयलर, कटिंगची यंत्रे, ड्रायर यांवर एवढा खर्च होत नाही. म्हणजे या धंद्यात यंत्रापेक्षा खेळते भांडवल भारी. सरकारी योजनेतल्या प्रकल्पात मात्र खेळते भांडवल एका फेरीपुरते धरलेले असते, आणि काजूची एक फेरी म्हणजे अख्खे वर्ष, हे शाखेतल्या साहेबाच्या गळी उतरवणे सोपे नसते. मग ऑगस्टपर्यंत पुरेल एवढीच बी भरायची, पुढे महागात घ्यायची किंवा आफ्रिकेहून आलेली आणायची, नाहीतर सोलणाऱ्या बायकांना घरी बसवायचे.

अर्थशास्त्रात या प्रश्नावर जुना वाद आहे. शुंपेटर यांनी 1911 मध्ये मांडले की, बँकर हा केवळ पैसे सांभाळणारा नसून नव्या उद्योगाचा सहकर्ता असतो. जोन रॉबिन्सन यांनी 1952 मध्ये उलट बाजू घेतली: आधी उद्योग पुढे जातो, पैसा त्याच्या मागून येतो. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा पेच. रघुराम राजन आणि लुईजी झिंगालेस यांनी 1998 मध्ये त्यातून एक युक्तीची वाट काढली. सगळ्या उद्योगांना बाहेरचा पैसा सारखा लागत नाही. औषधनिर्मितीला फार लागतो, तंबाखूच्या धंद्याला जवळपास लागतच नाही. वित्तव्यवस्थेने खरोखर फरक पडत असेल, तर ती विकसित असलेल्या देशांत बाहेरच्या पैशावर अवलंबून असलेले उद्योग इतर उद्योगांच्या तुलनेत जास्त वेगाने वाढलेले दिसले पाहिजेत. 41 देशांची आकडेवारी तपासल्यावर तसेच दिसले.

हीच फूटपट्टी सिंधुदुर्गाला लावून पाहा. 1997 मध्ये हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली-देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत काय फोफावले? घराच्या दोन खोल्या रंगवून सुरू केलेले न्याहारी निवास, अंगणात चार टेबले टाकून उघडलेली खानावळ. मुंबईच्या भावाने दिलेल्या पैशात हे बसते आणि दिवाळी-मे महिन्यात रोकड हातात येते. अडले काय? वर्षभराचा माल धरून ठेवणारे काजू कारखाने, आंब्यासाठी शीतगृहे, मोठे पल्प कारखाने. घरच्या पैशावर जे उभे राहते ते वाढले, परक्याच्या पैशाशिवाय जे उभेच राहत नाही ते खुंटले. उद्यमशीलता दोन्हीकडे सारखीच आहे.

मग घाटावर हे कसे जमले? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, वैकुंठभाई मेहतांच्या मुंबई प्रांतिक सहकारी बँकेने हात दिला आणि 1950 च्या अखेरीस गाळप सुरू झाले. आपण याचे श्रेय घाटावरच्या एकजुटीला देतो आणि कोकणी माणसाच्या भाऊबंदकीला नावे ठेवतो. मला ते अपुरे वाटते. ऊस तोडला की काही तासांत कारखान्यात न्यावाच लागतो; त्यामुळे कर्ज उसाच्या बिलातून कापून घेता येते. बँकेच्या हातात दोरी राहते. काजू बी मात्र नाक्यावरच्या कुठल्याही व्यापाऱ्याला रोखीने देता येते. बँकेने वसुली कुणाकडून करायची?

ती दोरी आंब्याच्या बाबतीत दलालाच्या हातात आहे. तो मोहोराच्या वेळी बागायतदाराला उचल देतो, पेट्या वाशीला त्याच्याच गाळ्यावर जातात, आणि उचल वजा होऊन पट्टी येते. पट्टीवर हमाली, तोलाई, भाडे सगळे लिहिलेले असते. उचलीचे व्याज कुठेच नसते, ते दरातच मुरलेले असते. दलालाला आपण शिव्या देतो, पण तो बँकेला न जमलेले काम करतो. त्याला बाग माहीत असते, माणूस माहीत असतो, गेल्या पाच वर्षांच्या पेट्या तोंडपाठ असतात. तो सातबारा मागत नाही.

बँक मागते. आणि आमचे सातबारे कसे असतात? माझ्या एका नातलगाने कर्जासाठी उतारा काढला तर वर पणजोबांच्या भावाचे नाव, खाली तेवीस वारस. त्यातले काही लालबागला, एक कॅनडात, दोघे कुठे आहेत तेही ठाऊक नाही. सगळ्यांच्या सह्या आणेपर्यंत हंगाम उलटला. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकरांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण नाव आपले नाही, म्हणून तारणही नाही. पेरूचे एर्नान्दो दे सोतो अशा मालमत्तेला मृत भांडवल म्हणतात. आमच्याकडे ते कलमांच्या रूपाने दरवर्षी मोहोरते, तरी बँकेच्या लेखी मृतच.

मोठा पैसा इथवर येऊ शकतो, हे कोकण रेल्वेने दाखवले. मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये वेगळे महामंडळ निघाले, केंद्राबरोबर चार राज्यांनी भाग घेतले आणि बाकीचा बराचसा पैसा बाजारात रोखे विकून उभा केला. 1998 मध्ये गाडी संपूर्ण मार्गावर धावू लागली. रोखे घेणाऱ्यांनी कणकवलीचा सातबारा पाहिला नव्हता. त्यांनी संस्था पाहिली आणि तिच्या मागचे सरकार पाहिले. चार पोती बी फोडणाऱ्याच्या मागे अशी संस्था कोण उभी करणार?

इथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला: सगळे खापर पैशावर फोडू नका. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात काजूच्या बोंडाची फेणी होते, तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अलीकडच्या काठाला, आमच्याकडे, तेच बोंडू बागेत कुजते. फरक अबकारी कायद्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: पैसा आला म्हणजे भले झाले असेही नाही. मासेमारीत अनुदान आले, कर्ज आले, यांत्रिक नौका आल्या, मग पर्ससीनची जाळी आली आणि पारंपरिक रापणकरांच्या जाळ्यात मासळी उरेना. 2016 मध्ये राज्याला पर्ससीनवर कडक निर्बंध घालावे लागले. कर्जाने नौका वाढल्या, समुद्र वाढला नाही. म्हणजे पैशाला रस्ता हवा, तसा त्या रस्त्यावर राखणदारही हवा.

पण म्हणून रस्ताच नको, हे पटत नाही. आणि तो अगदी नव्याने बांधायचाही नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे आणि काजू बीही तीत बसते. बी गोदामात ठेवायची, पावतीवर पैसे उचलायचे. इथे तारण जमिनीचे नसून मालाचे असते, आणि पोत्यावर तेवीस वारसांची नावे नसतात. हे चालायला तालुक्या-तालुक्यात ओल न लागणारे गोदाम हवे, बीचा उतारा पारखून प्रत लिहून देणारा माणूस हवा आणि त्या कागदावर विश्वास ठेवणारी शाखा हवी. मुंबईच्या शेअर बाजारात लहान उद्योगांसाठी वेगळा मंच 2012 पासून आहे, पण आमच्या कारखानदाराला त्याआधी हे गोदाम लागते. वित्तीय विकास म्हणजे दलाल स्ट्रीटवरची उसळी असे समजण्याची सवय आपल्याला मोडावी लागेल.

प्रवरेच्या त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष असलेल्या गाडगीळांच्याच अभ्यासगटाने 1969 मध्ये जिल्हा हा घटक धरून बँकिंगचा विचार मांडला. त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. सिंधुदुर्गातही तिच्या बैठका होतात, ठेवींचे आणि कर्जांचे आकडे वाचले जातात. पुढच्या बैठकीत एकच आकडा जादा वाचावा: मे अखेर जिल्ह्यातल्या गोदामांत किती पोती काजू बी पडून आहे आणि त्यातल्या किती पोत्यांवर जिल्ह्यातल्याच ठेवीदारांचा पैसा लागला आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या मोलकरणीला आपले 100 गिल्डर कुठे गुंतले ते सांगता आले असते. वेंगुर्ल्याच्या बाईला विचारा, तिच्या मुदत ठेवीचे पैसे कुठल्या गावात काम करतात? ती पावती दाखवील. पावतीवर फक्त तारीख असते.