पोलिसांच्या कमरेवरून बाजारात

चेक प्रजासत्ताकाच्या पूर्वेकडे उहेर्स्की ब्रोड हे एक लहानसे गाव आहे. 1936 साली तिथे शस्त्रांचा कारखाना उभा राहिला, तो मुख्यतः जर्मनीच्या सीमेपासून दूर असावा म्हणून. चार दशकांनी याच कारखान्यातून फ्रांतिशेक कोउत्स्की या अनुभवी रचनाकाराचे ‘सीझेड 75’ हे पिस्तूल बाहेर पडले. त्याची स्लाइड सांगाड्याच्या बाहेरून सरकत नाही, आतल्या खाचांतून सरकते. त्यामुळे नळी हाताच्या जवळ येते आणि गोळी सुटल्यावर पिस्तुलाचे तोंड कमी उसळते. मूठ अशी घडवलेली की लहान-मोठ्या बहुतेक हातांत ती नीट बसते. मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसे मावतात, आणि 1975 साली ही संख्या मोठी होती. पिस्तूल-नेमबाजीच्या आधुनिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या जेफ कूपर या अमेरिकी जाणकाराने त्याचे कौतुक केले, आणि वेगवान नेमबाजीच्या स्पर्धांत याच घराण्यातली ‘शॅडो’ पिस्तुले आज जगभर दिसतात. असे असूनही, खासगी पिस्तुलांची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ असलेल्या अमेरिकेत सीझेड हे नाव ग्लॉक, सिग सॉअर, स्मिथ अँड वेसन यांच्या बरेच मागे आहे. जाणकार वाखाणतात आणि सामान्य गिऱ्हाईक दुसरेच उचलते. हे अंतर का पडले, या प्रश्नाचे उत्तर पिस्तुलाच्या घडणीपेक्षा त्याच्या भोवतालच्या इतिहासात सापडते, असे मला वाटते.

नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण जाहिरातीचे असते: कंपनीला स्वतःचा गाजावाजा करता आला नाही, एवढेच. यात तथ्य आहे, पण ते वरवरचे आहे. पिस्तूल ही फार विचित्र वस्तू आहे. ज्या प्रसंगासाठी ती घेतली जाते तो प्रसंग बहुतेक मालकांच्या आयुष्यात कधीच येत नाही. पंखा घेतला तर पहिल्या उन्हाळ्यात त्याची परीक्षा होते. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या पिस्तुलाची खरी परीक्षा होतच नाही आणि झालीच तर चूक दुरुस्त करायला दुसरी संधी मिळेल याची खात्री नसते. सरावाच्या मैदानावर दोनशे गोळ्या झाडून नेम कळतो, मूठ कशी बसते ते कळते. पण वीस वर्षांनी, घामेजल्या हातात, भीतीच्या क्षणी ती चालेल का, हे कळत नाही. जे स्वतः तपासता येत नाही त्याबद्दल माणूस उसना विश्वास घेतो. अमेरिकी गिऱ्हाइकाने तो प्रामुख्याने दोन ठिकाणांहून घेतला: लष्कराकडून आणि त्याहूनही अधिक, रोज रस्त्यावर दिसणाऱ्या पोलिसाच्या कमरेवरून. म्हणून अमेरिकेत कोणते पिस्तूल लोकप्रिय होणार हे मोठ्या प्रमाणात सरकारी खरेदीने ठरवले आहे, आणि ज्या काळात ही खरेदी झाली त्या काळात सीझेडला त्या बाजारात पाय ठेवणेच जवळपास अशक्य होते.

तो काळ जेमतेम आठ-दहा वर्षांचा आहे, पण सगळे त्यातच घडले. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी पोलीस प्रामुख्याने सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर वापरत होते. 1985 मध्ये लष्कराने जुने कोल्ट बाजूला सारून इटलीच्या बेरेटाचे 9 मिलिमीटर पिस्तूल निवडले. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत दोन सशस्त्र दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात रिव्हॉल्वर होते, समोरच्याकडे अर्धस्वयंचलित रायफल. या घटनेनंतर देशभरातल्या पोलीस खात्यांत एकच विचार सुरू झाला: जास्त गोळ्यांचे पिस्तूल हवे. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने 1985 मध्येच जॉर्जिया राज्यातल्या स्मर्ना येथे आपले कार्यालय उघडले होते. तिचे विक्रेते खात्याखात्यांत जाऊन प्रात्यक्षिके देत, शस्त्रदुरुस्तीचे छोटे अभ्यासक्रम घेत, सवलतीचे भाव लावत, आणि खात्याची जुनी रिव्हॉल्वर बदल्यात घेऊन नवी पिस्तुले देत. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांना पिस्तुले वापरण्याची परवानगी मिळाली, तेव्हा यादीत ग्लॉक, सिग सॉअर आणि स्मिथ अँड वेसन अशी तीन नावे होती. त्या दशकभरात ज्यांनी शिरकाव केला, त्यांच्या मापाचे होल्स्टर शिवले गेले, त्यांचे सुटे भाग गोदामांत भरले गेले, त्यांच्यावर प्रशिक्षक तयार झाले. खात्याने एकदा हा सगळा डोलारा उभा केला की पुढच्या वेळी दुसरे पिस्तूल थोडे बरे आहे एवढ्यासाठी तो कुणी मोडत नाही.

त्या दशकात सीझेड कुठे होते? लोखंडी पडद्यामागे. अमेरिकेने 1951 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा व्यापारी सवलतीचा दर्जा काढून घेतला होता आणि तो 1990 मध्येच परत दिला. तोपर्यंत तिथून येणाऱ्या मालावर जबर जकात बसे. जी थोडी सीझेड 75 अमेरिकेत पोहोचली ती महाग होती आणि दुर्मिळ होती. शौकिनांनी ती जपून ठेवली. गंमत म्हणावी की दुर्दैव, हे पिस्तूल मुळात निर्यातीसाठीच बनले होते. पाश्चात्त्य जगातले 9 मिलिमीटर पॅराबेलम काडतूस त्याला दिले गेले, आणि चेकोस्लोव्हाक लष्कर मात्र वेगळ्याच काडतुसाची पिस्तुले वापरत राहिले. स्वतःच्या सैन्याचा शिक्का नाही आणि ज्याच्यासाठी बनवले त्या बाजारात प्रवेश नाही, अशा दुहेरी कोंडीत ते सापडले. त्यातच कोउत्स्कीच्या रचनेवरचे हक्क देशात ‘गुप्त’ म्हणून नोंदले गेले. परदेशात त्यांना संरक्षण उरले नाही. मग इटलीत तानफोल्यो या कंपनीकडून, तसेच स्वित्झर्लंडमध्ये, तुर्कस्तानात, चीनमध्ये तिच्या नकला निघाल्या. इस्राएलचे ‘जेरिको’ पिस्तूलही त्याच वंशातले. रचना जगभर पसरली, नाव मात्र मागे राहिले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो कच्चा नाही. इटलीवर अमेरिकेची तशी जकात नव्हती. 1980 च्या दशकात इटालियन नकला अमेरिकेत स्वस्तात मिळत होत्या. रचना खरोखर इतकी श्रेष्ठ होती, तर पोलिसांनी निदान नक्कल तरी का घेतली नाही? माझ्या मते या आक्षेपातूनच माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. त्या नकला लहान आयातदारांमार्फत येत, आणि अशा आयातदाराच्या पाठीशी वीस वर्षे सुटे भाग पुरवण्याची हमी नसते, प्रशिक्षणाची व्यवस्था नसते, खटला उभा राहिला तर सोबत उभे राहणारा कारखाना नसतो. पोलीस खाते लोखंडासोबत हे सगळे विकत घेत असते. याचा आणखी ठळक पुरावा ‘ब्रेन टेन’ या पिस्तुलात आहे. कूपरच्या सल्ल्याने कॅलिफोर्नियातल्या दोन उद्योजकांनी सीझेडच्या रचनेवर आधारलेले, 10 मिलिमीटरचे अमेरिकी पिस्तूल 1983 मध्ये आणले. ‘मायामी व्हाइस’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या नायकाच्या हातात ते होते. याहून मोठी जाहिरात त्या काळात कुणाला मिळाली असेल असे वाटत नाही. पण कंपनीला वेळेवर मॅगझिन पुरवता आल्या नाहीत, ग्राहकांच्या हातात मॅगझिनविना पिस्तुले पडली, आणि 1986 मध्ये धंदा बुडाला. उत्तम रचना होती, अमेरिकी कारखाना होता, घराघरांत प्रसिद्धी होती. मागे उभी राहणारी संस्था नव्हती, आणि तेवढ्याने सगळे फुकट गेले.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे: ग्लॉक जिंकले कारण ते त्या कामासाठी खरोखरच अधिक योग्य होते. हे बऱ्याच अंशी मान्य करावे लागेल, आणि सीझेडचे चाहते ते मान्य करायला नको इतके कचरतात. पोलादी सीझेड 75 चे वजन सुमारे एक किलो; प्लास्टिकच्या सांगाड्याचे ग्लॉक पाऊण किलोच्याही आत. दिवसभर कमरेला बांधून फिरणाऱ्या माणसाला हा फरक सायंकाळी कळतो. ग्लॉकमध्ये अवघे 34 भाग, वेगळे सेफ्टी बटण नाही, प्रत्येक वेळी चापावर सारखाच जोर. सीझेडच्या मूळ रूपात पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, पुढच्यांना आखूड आणि हलका. शिवाय भरलेल्या पिस्तुलाचा मागचा घोडा अंगठ्याने सांभाळून खाली आणायचा, म्हणजे एका चुकीत गोळी सुटण्याची भीती. ज्या आतल्या खाचांमुळे ते स्थिर चालते त्यांच्यामुळेच स्लाइडची पकडायची जागा अरुंद होते आणि ओल्या हातांनी ती ओढणे अवघड जाते. कधीमधीच सराव करणाऱ्या शिपायासाठी सोपेपणा हा मोठा गुण आहे, आणि त्या बाबतीत ग्लॉक पुढे होते यात वाद नाही.

पण एवढ्याने कोडे सुटत नाही. बेरेटाचे लष्करी पिस्तूलही जड, तेही पहिल्या गोळीला लांब चाप असलेले. सिगचे पी226 हेही त्याच जातीचे. ही दोन्ही अमेरिकेत सीझेडपेक्षा कितीतरी अधिक विकली गेली. बेरेटाच्या काही लष्करी पिस्तुलांच्या स्लाइड 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तुटल्या, सैनिक जखमी झाले, फेरचाचण्या झाल्या, तरी बेरेटा टिकले. म्हणजे जडपणा आणि दुहेरी चाप हे दोष सीझेडलाच भोवले आणि इतरांना नाही, असे मानावे लागेल. ते पटत नाही. उलट बाजूने पाहा. 2017 मध्ये सीझेडने ‘पी-10 सी’ बाजारात आणले: प्लास्टिकचा सांगाडा, सारखाच चाप, ग्लॉकच्या तोडीची किंमत. घोड्याबद्दलची, वजनाबद्दलची सगळी तक्रार त्यात मिटली होती, आणि परीक्षकांनी चापाचे कौतुकही केले. त्याला मान मिळाला, गिऱ्हाईकही मिळाले, पण क्रम काही बदलला नाही. दोष दूर केल्यावरही परिणाम तोच राहत असेल, तर कारण त्या दोषात नव्हते.

त्याच वर्षी सिगने क्रम बदलून दाखवला. अमेरिकी लष्कराने 2017 च्या जानेवारीत सिगच्या पी320 ची निवड केली. करार 58 कोटी डॉलरपर्यंतचा होता. त्याच उन्हाळ्यात हे पिस्तूल विशिष्ट कोनात जमिनीवर पडले तर गोळी सुटू शकते, हे चाचण्यांत दिसले, आणि कंपनीने नागरिकांना विकलेल्या पिस्तुलांसाठी विनामूल्य सुधारणा जाहीर केली. चापाला हात न लावता गोळी सुटल्याचे खटले पुढे अनेक उभे राहिले. कंपनीने सदोष रचनेचा आरोप नाकारला. न्यायालयीन वाद काहीही ठरवो, एवढे दिसते की लष्कराच्या शिक्क्याने मिळालेली लोकप्रियता इतक्या गंभीर शंकेलाही वर्षानुवर्षे पुरून उरली. चांगले घडवलेले पिस्तूल मागे आणि शंकेच्या छायेतले पुढे, हे गुणवत्तेच्या बाजारात घडू शकत नाही. उसन्या विश्वासाच्या बाजारात ते अपेक्षितच आहे.

कुणी विचारील की माणूस मारण्याच्या साधनाला गिऱ्हाईक कमी मिळाले तर त्याची हळहळ का करावी? हळहळ नाहीच, सीझेडची दहा लाख पिस्तुले जास्त खपली असती तर जग अधिक सुरक्षित झाले नसते. मला काळजी वेगळी वाटते. अमेरिकेत शस्त्रांची बाजू मांडणारे लोक हा बाजार नागरिकांच्या मुक्त निवडीचा असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात करदात्यांच्या पैशाने झालेल्या खरेदीने ती निवड आधीच वळवलेली असते. आणि ती फक्त अनुकरणातून वळत नाही. पोलिसांनी बदल्यात दिलेली जुनी शस्त्रे घाऊक व्यापाऱ्यांमार्फत पुन्हा नागरी बाजारात येतात. खाते नव्या पिस्तुलाची किंमत कमी करून घेते आणि तीच बचत गावात आणखी हजारो पिस्तुले होऊन फिरते. निविदेत या पिस्तुलांचा हिशोब कुठे मांडलेला नसतो. भारतात हे नाते उघडेच आहे: परदेशी पिस्तुलांची खासगी आयात दीर्घकाळ जवळपास बंद राहिल्याने परवानाधारकाची निवड सरकारी कारखान्यांच्या मालाभोवती फिरली. अमेरिकेत तेच नाते झाकलेले आहे, म्हणून त्याची जबाबदारी कुणावर येत नाही. चेक कारखानदारीशी आपला परिचय जावा मोटारसायकलीचा, आणि ब्रनो शहरातल्या मूळ रचनेवरून इंग्रजांनी बनवलेल्या, भारतीय लष्कराने दशकानुदशके वापरलेल्या ब्रेन गनचा. ती ब्रेन गनही ब्रिटिश सैन्याने निवडली म्हणूनच आपल्यापर्यंत आली होती.

सीझेडच्या मालकांनी हा हिशोब ओळखलेला दिसतो. 1997 मध्ये त्यांनी अमेरिकी शाखा काढली, पण तोवर रिव्हॉल्वरकडून पिस्तुलाकडे जाण्याची लाट ओसरत आली होती. 2021 मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली: अमेरिकी लष्कराला पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे पुरवणारी कोल्ट ही कंपनीच विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी उद्योगसमूहाचे नाव ‘कोल्ट सीझेड’ असे ठेवले. या व्यवहारात कोणत्याही सीझेड पिस्तुलाची मूठ, चाप किंवा स्लाइड तसूभरही सुधारली नाही. विकत घेतले ते सरकारी कंत्राटांशी जुने नाते, अमेरिकेतला कारखाना आणि तिथल्या माणसाच्या ओळखीचे नाव. त्याचा उपयोग होईल, पण मला वाटते मर्यादितच. पोलीस खात्यांची पिस्तुले पंधरा-वीस वर्षांनी बदलतात, आणि बदलताना ती बहुधा आहे त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलकडे जातात. होल्स्टर तेच, प्रशिक्षक तेच, बदल्यात मिळणारी सवलतही तीच. खरेदीचे निकष जोवर पिस्तुलाच्या चाचणीपेक्षा या सोयींवर तोलले जातील, आणि जुन्या शस्त्रांचे पुढे काय होते हा प्रश्न निविदेत विचारलाच जाणार नाही, तोवर सीझेड जाणकारांच्या कपाटात राहील आणि पोलिसाच्या कमरेवर दुसरेच पिस्तूल दिसत राहील.