पान्हा उचलण्याआधी

दसरा होऊन आठवडा झालाय. भंगसाळ नदीवरचं धुकं अजून उठलेलं नाही. कुडाळच्या बाहेर, हायवे सोडून आत शिरल्यावर लागणाऱ्या खडीच्या क्रशरवर या. पट्टा बंद आहे, डंपर यायचेत. लोडर रात्रभर उभा आहे. बकेट जमिनीला टेकलेली, टायरवर दव, आरशाला खंडेनवमीचा झेंडू सुकून लटकलेला. काल संध्याकाळी ऑपरेटर एवढंच म्हणाला, 'उचलणा नाय.'

पान्ह्यांची पेटी गाडीतच राहू दे. समोरच्या चिऱ्यावर बसा. चहा संपेपर्यंत पान्ह्याला हात लावायचा नाही.

आधी जमीन पाहा. जांभ्याच्या तांबड्या मातीवर रात्रीत काय गळलंय? गवताची काडी बुडवा, थेंब दोन बोटांत घासा, नाकाशी न्या. काळं, जळकट वासाचं असेल तर इंजिन ऑईल. मधासारखं असेल तर बहुधा हायड्रोलिकचं. पातळ आणि रंगीत असेल तर कूलंट. थेंब जिथे पडला तिथेच गळती असेल असं धरू नका. तेल पाइपावरून, चासीच्या कडेकडेने चालत येतं आणि सोयीच्या कोपऱ्यावर पडतं. नजर हळूहळू वर न्या, शेवटच्या ओल्या जागेपर्यंत.

सिलिंडरचा दांडा पाहा. पावसाचे चार महिने गाडी उभी होती, दांडा उघडाच राहिला. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चकचकीत क्रोमलाही तो सोडत नाही. बारीक खड्डे पडले की दर उचलीला ते तोंडाशी असलेलं सील खरवडतात. दांड्याभोवती तेलात कालवलेल्या पुडीची काळी कड दिसली तर गळती तिथेच. मात्र इंजिन चालू असताना पाइपावरून हात फिरवून गळती शोधू नका. कारच्या टायरात हवेचा दाब दोनेक बार. इथे तो 200 बारच्या घरात जातो. सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडीच्या आत शिरतं. हाताऐवजी पुठ्ठा धरा.

आता डिझेल. वॉटर सेपरेटरचा कान सैल करा आणि घोटभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. बाटली उजेडाकडे धरा, हलवू नका. थांबा. तळाशी पाण्याचा वेगळा थर हळूहळू स्थिरावेल. अर्ध्या टाकीतली दमट हवा रात्री गार झाली की पत्र्याला घाम सुटतो, त्याचं हे पाणी. म्हणून टाकी संध्याकाळी भरायची, सकाळी नाही.

रेडिएटरवरही एक नजर टाका. जाळीत खडीची पूड बसली असेल तर वारा ज्या बाजूने बाहेर पडतो तिकडून फुंका; उलट केलं तर ती आणखी आत जाते. झाकण गार असतानाच उघडा.

मग गाडी सुरू करा आणि केबिनमध्ये नुसते बसून राहा. मला हे काम शिकवणारे मेस्त्री म्हणायचे, 'गाडी काय सांगता ता आदी आयक, मगे पान्हो घे.' तेव्हा ते मला आळशी वाटायचे. त्याच घाईत एकदा मी पंप बदलला. चांगला होता तो. पंपाकडे तेल नेणाऱ्या पाइपाचा क्लिप सैल होता, एवढंच. त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही. पण पंप आत गोटे खडखडावेत तसा ओरडत होता आणि टाकीतल्या तेलाला फेस आला होता. मी दोन्हीकडे लक्ष दिलं नाही. पैसे गेले, ओरड तशीच राहिली.

म्हणून एक प्रश्न स्वतःला सावकाश विचारा: सगळंच मंद आहे की एकच काम? बूम, बकेट, स्टिअरिंग सगळीच सुस्त असतील तर दोष सामाईक जागी शोधायचा: तेलाची पातळी, फिल्टर, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह. फक्त बूम मंद असेल तर पंपाला हात लावू नका.

आज पंप शांत आहे. स्टिअरिंग हलकं, बकेट झटकन वळते. मंद फक्त बूम, आणि बाहेर कुठेही ओल नाही. म्हणजे तेल आतल्या आत वाट काढतंय. पिस्टनचं सील झिजलं असेल, नाहीतर व्हॉल्व्हचा स्पूल. दोघांतला कोण, हे पुढे बूम टेकवून, दाब सोडून, पाइप उघडल्यावर कळेल. आत्ता फक्त तेल खरंच सरकतंय का, ते पाहायचं.

बकेट खडीने भरा. वीतभरच उचला, इंजिन बंद करा. बाजूला काठी रोवा आणि बकेटच्या पात्याच्या उंचीवर पेन्सिलीने रेघ मारा. पुन्हा चिऱ्यावर बसा. क्रशरचा आवाज नाही, इंजिनाचा नाही. दूरवर कोकण रेल्वेची गाडी जाते. पात्याकडे टक लावून पाहिलं तर ते हलताना दिसत नाही. नजर काढून घ्या, चहाचा शेवटचा घोट घ्या, मग पाहा. रेघेच्या खाली नखभर.

ऑपरेटर पान्ह्यांची पेटी घेऊन येतो. 'खोलूया?'

'रव जरा.'