बहर धरताना

‘तेव्हा त्यांचा ऐन बहर होता,’ असं आपण एखाद्या गायकाबद्दल, नटाबद्दल, खेळाडूबद्दल सहज बोलून जातो. चलती, भरभराट, सुगीचे दिवस, सुवर्णकाळ असे आणखीही शब्द आपल्याकडे आहेत. पण बहर म्हटलं की सगळं आपसूक घडल्यासारखं वाटतं. ऋतू आला, झाड फुललं. वरूड-मोर्शीकडचा संत्रा बागायतदार तसं बोलत नाही. तो बहर ‘धरतो’.

संत्र्याला वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलायची संधी असते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहर, पावसाच्या तोंडाशी फुलतो तो मृग बहर. डाळिंबाला त्यात हस्त बहराची भर. झाड मोकळं सोडलं तर ते अधूनमधून फुलत राहतं आणि एकही तोडा धड पदरात पडत नाही. म्हणून आधी ठरवावं लागतं, यंदा बहर कोणता? उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहील का, माल निघेल तेव्हा भाव काय असेल, सगळा विचार होतो. एकदा ठरलं की दुसऱ्या बहराचा मोह सोडायचा. दोन्ही घेऊ पाहणाऱ्याची बाग लवकर थकते.

मग बाग ताणावर सोडतात. पाणी बंद. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळू लागतात. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बाग हातची गेली. पण आत वेगळंच चाललेलं असतं. वाढ थांबल्यामुळे झाडाचं अन्न नव्या पालवीवर खर्च होत नाही, ते फांद्यांत साठत जातं. पुरेशी पानगळ झाली की आळी नीट करून खत घालतात आणि ताण तोडतात. तोही बेतानं. पहिलं पाणी हलकं, आंबवणीचं, त्यानंतरचं चिंबवणीचं. पुढे काही दिवसांत त्याच उघड्या फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि शिवारभर वास सुटतो.

या ताणाचा विचार करताना मला कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा मुलगा लहान वयातच मैफली गाजवू लागला होता. नाव झालं होतं, बोलावणी येत होती. तरी वडिलांनी त्याला मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवलं. पुढे ऐन विशीत क्षयानं गाठलं. 1948 मध्ये ते हवापालटासाठी देवासला गेले आणि त्यांचं गाणं जवळपास पाच वर्षं बंद झालं. बोलण्यावरसुद्धा बंधन होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडत, ती ते ऐकत राहिले. बरे झाले, तेव्हा एका फुप्फुसाची साथ उरली नव्हती. त्यानंतर जे आलं ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे : लोकधुनांतून उभे राहिलेले नवे राग, निर्गुणी भजनं, 1965 साली आलेला बंदिशींचा संग्रह ‘अनूपरागविलास’. त्यांचा खरा बहर मी हाच मानतो, बालपणीचा नव्हे.

यातून आजाराचे गोडवे गाऊ नयेत. बागेचा ताण बागायतदाराच्या हातात असतो, क्षय कुणाच्याच हातात नव्हता. ताण हाताबाहेर गेला की झाड वाळतं, आणि अशी वाळलेली माणसं थोडी नाहीत. कुमारांना औषध मिळालं, घरच्यांनी जिवापाड जपलं, आणि गळा बंद असताना त्यांनी कान उघडे ठेवले. त्या वर्षांचं मोल यात आहे.

बागेतली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. संत्र्याच्या कोवळ्या कलमालाही फुलं येतात. पहिली चार-पाच वर्षं जाणता बागायतदार त्यांची फळं होऊ देत नाही. आधी खोड भरू दे, फांद्या पसरू देत, मग बहर. लहान वयात लेकुरवाळं झालेलं झाड पुढे पोसत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

तुमच्या घरात सातआठ वर्षांचं एखादं मूल सुरेल गात असेल, नाचत असेल, बुद्धिबळाच्या पटावर मोठ्यांना हरवत असेल, तर आनंद माना, कौतुक करा. मात्र दर शनिवार-रविवारी त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करू नका. चांगला गुरू शोधा, त्याला ऐकू द्या, चुकू द्या, आणि काही वर्षं त्याच्याकडे फळ मागू नका.