विहीर आणि पंप



आपल्या वसईच्या वाड्यांत पूर्वी रहाट चालत असे. बैल किंवा रेडा जुंपून केळी, पानवेली आणि फुलझाडांना पाणी दिले जाई. जनावर दमले की रहाट थांबे आणि तेवढ्या वेळात विहिरीत पुन्हा पाणी साचे. मग विजेचा पंप आला. मुक्या जनावराचे कष्ट वाचले, घरातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला. देवाने माणसाला दिलेल्या बुद्धीचेच हे फळ आहे. त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे.

परंतु पंप दमत नाही. बटण दाबले की तो रात्रंदिवस उपसा करतो, मग पाणी वाडीला जावो की टँकरमध्ये. टँकरचे पैसे कोणाला नको असतात? पण आपण समुद्रकाठी राहतो. येथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी १ फूट खाली गेली, तर खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर सरकते. खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात. उपसा एकाने केला, तरी खारेपण शेजाऱ्याच्या विहिरीतही शिरते.

विसाव्याची आज्ञा आपण रविवारच्या मिस्सेपुरती समजतो. अनुवाद ५:१४ वाचा. तेथे मालकाबरोबर चाकराला आणि बैलालाही विसावा आहे. लेवीय २५ मध्ये तर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा सांगितला आहे. पूर्वी बैलाची दमणूक हीच आपली मर्यादा होती. यंत्राला दमणूक नाही, म्हणून ती मर्यादा आता आपल्या सदसद्विवेकबुद्धीने घालावी लागेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. आपल्या उपशाने कोणाचा हा हक्क हिरावला जात असेल, तर पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणात त्याचाही विचार व्हावा.

आपल्या पूर्वजांनी बावखले राखली. पावसाचे पाणी त्यांत साठून जमिनीत मुरे आणि विहिरींना मिळे. अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली. ज्यांच्या वाडीत ती उरली आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी गाळ काढावा. छपरावरचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. पंप गरजेपुरताच चालवावा.

शोमरोनी स्त्रीकडे प्रभूने विहिरीकाठी पाणी मागितले. उद्या तो तहानेला होऊन आपल्या विहिरीवर आला, तर त्याला गोडे पाणी देता यावे, एवढीच प्रार्थना.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू