दोष कोणाचा?

वाटेवरच्या जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारलेला प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिष्यांचा प्रश्न मात्र अजून आपल्या घरांतून वावरतो आहे. एखाद्या मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटली की नातलग तो दबक्या आवाजात विचारतात आणि आई तो रात्री स्वतःलाच विचारते.

1934 साली नॉर्वेतील बोर्गनी एगेलांड ही माता लिव्ह आणि डाग या आपल्या दोन मुलांच्या दुखण्याचे कारण शोधत डॉक्टर आसब्यर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोहोचली. जन्मतः सुदृढ दिसलेल्या या मुलांची समज वाढत नव्हती आणि त्यांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येई. त्या वासाचे कारण कोणी सांगू शकत नव्हते. ही बाई मात्र एकेक दार ठोठावीत राहिली. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि ती हिरवी झाली. त्या रंगाचा माग काढता काढता जो विकार उघडकीस आला, त्याला आज फेनिलकीटोन्युरिया म्हणतात.

दूध, डाळ, अंडी, मासळी यांतील प्रथिनांत फेनिलॲलनिन नावाचे अमिनो आम्ल असते. शरीराला त्याची नितांत गरज असते आणि ते केवळ अन्नातूनच मिळते. गरजेहून अधिक आलेल्या फेनिलॲलनिनचे रूपांतर यकृतातील एक विकर करते. त्या विकरात उणीव राहिली की हे आम्ल रक्तात साचते आणि मेंदूपर्यंत जाते. आईबाप स्वतः निरोगी असतात. दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत आहे याची त्यांना कल्पनाही नसते. मुलाच्या वाट्याला दोन्ही सदोष प्रती येण्याची शक्यता चारांत एक एवढी असते. यात पाप कोठे शोधावे?

या साचण्याने नेमके काय होते, याविषयी अलीकडे एक नवीन गोष्ट कळली. 2012 साली तेल अवीव विद्यापीठातील एहुद गाझित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की फेनिलॲलनिनचे इवलेसे रेणूदेखील दाटी झाली की एकमेकांना बिलगून तंतू बनवतात. हे तंतू अल्झायमरच्या रोगात मेंदूत आढळणाऱ्या प्रथिनतंतूंसारखे असतात आणि प्रयोगशाळेतील पेशींना ते मारक ठरतात. तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष पेशीपटलाकडे वळले आहे. हे पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी सुमारे पाच भाग, तरी पेशीत काय यावे आणि काय जावे याची राखण तेच करते. फेनिलॲलनिनच्या रेणूचे एक अंग पाणी टाळणारे असल्याने ते या स्निग्ध थराकडे ओढले जाते. कृत्रिम पटलांवरील प्रयोगांत असे दिसले की हे रेणू थरात शिरले की त्याची घडी विसकटते आणि ते झिरपू लागते. मेंदूकडे जाणाऱ्या इतर अमिनो आम्लांची वाट अडते, हे जुने कारणही बाद झालेले नाही.

संत ऑगस्टीन यांनी शिकवले की दुष्टतेला स्वतःचे द्रव्य नसते. ती चांगल्याचा अभाव असते. या विकारात ते शिक्षण जणू डोळ्यांना दिसते. येथे कोणी जंतू नाही, विष नाही. अन्न चांगले, पटल चांगले. उणीव फक्त एका विकराची. तरीही मला वाटते, संतांचे उत्तर येथे थोडे अपुरे पडते. अभाव रिकामा राहत नाही. पुढे न सरकलेले चांगले तेथेच साचते, त्याला आकार येतो आणि ते टोचू लागते. दुःखी मातेच्या उशाशी बसून अभावाचे तत्त्वज्ञान सांगू नये, हे तर उघडच आहे.

1950 च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलॲलनिन जवळजवळ काढून टाकलेला आहार तयार केला. त्यामागेही उपाय शोधा म्हणून सतत तगादा लावणारी एक आईच होती. तिची दोन वर्षांची मुलगी सुधारू लागली. मग खात्री करण्यासाठी डॉक्टरांनी आईच्या नकळत ते द्रव्य पुन्हा आहारात मिसळले, आणि एका दिवसात मुलगी ढासळली. त्या पुराव्याने असंख्य मुलांचा मार्ग मोकळा झाला, हे खरे. पण जिच्या चिकाटीतून उपाय निघाला तिलाच अंधारात ठेवावे, हे माझ्या मनाला पटत नाही.

पुढे 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन करायची साधी तपासणी शोधली. पहिल्या काही आठवड्यांतच आहार सुरू झाला आणि पुढे पाळला गेला, तर बुद्धी वाचते. एकदा झालेली हानी मात्र सहसा भरून येत नाही. आपल्या देशात ही तपासणी सर्व नवजात बालकांसाठी अद्याप सक्तीची नाही.

मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. लिव्ह आणि डाग यांच्यासाठी तो आहार फार उशिरा आला, त्यात कोणाचा दोष नव्हता. आज ज्याच्या टाचेतला थेंब घेतलाच गेला नाही, त्या मुलाच्या आईने शिष्यांचाच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्याला आपण तेच उत्तर देऊ शकू का?