गोळी संपली, गिऱ्हाईक आलं नाही

रक्तदाबाची गोळी रुग्णाने सोडली, हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? डॉक्टरांना नाही, बरं वाटत असेल तर रुग्ण महिनोन्महिने त्यांच्याकडे फिरकत नाही. घरच्यांनाही नाही, कारण रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत म्हातारी माणसं गावाला आणि मुलं-सुना मुंबई-ठाण्याला आहेत. ते कळू शकतं औषधाच्या दुकानात. दर महिन्याला तीन पट्ट्या नेणाऱ्या आजी दोन महिने आल्या नाहीत, ही गोष्ट मेडिकलवाल्याच्या समोर घडते. पण ती टिपायला त्याच्याकडे वही नाही, चौकशी करायची रीत नाही आणि केलीच तर त्या कामाचा मोबदला नाही. रक्तदाबावरच्या उपचारांतली ही मोठी त्रुटी आहे आणि ती भरून काढणं शक्य आहे.

प्रश्न किरकोळ नाही. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला, म्हणजे तिघांमागे एकाहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जेमतेम १२ टक्के लोकांचा रक्तदाब आटोक्यात आहे. बाकीच्यांसाठी पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होणं या धोक्यांची टांगती तलवार कायम आहे.

औषध नाही म्हणून हे घडतं, असं आता म्हणता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. आज अम्लोडिपिनची गोळी दोन-तीन रुपयांना मिळते. ती रोज पोटात जात नाही, ही अडचण आहे. दीर्घकाळच्या आजारांत निम्मेच रुग्ण औषध नीट घेतात, आणि तेही श्रीमंत देशांत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच नोंदवलं होतं.

गोळी सोडणाऱ्याला अडाणी किंवा बेफिकीर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. प्रत्यक्षात सोडण्याला कारणं असतात आणि त्या माणसाच्या जागी उभं राहिलं तर ती पटण्याजोगीही असतात. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. गोळी घेऊन आकडा १३०वर आला, की ‘आता नॉर्मल आहे, मग कशाला?’ असं वाटतं. ‘एकदा चालू झाली की सुटत नाही’ ही धास्ती असते. अम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला धरतो. लघवी वाढवणारी गोळी घेऊन देवरुखहून रत्नागिरीला एसटीने जायचं, तर बाई त्या दिवशी गोळी टाळतेच. श्रावणातल्या उपासाला ‘रिकाम्या पोटी नको’ म्हणून सुट्टी मिळते. आणि पैसे पुरत नसतील तर पूर्ण पट्टीऐवजी चार गोळ्या कापून घेतल्या जातात.

कोकणात आणखी एक गुंता आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष मुंबईला, हे पिढ्यानपिढ्यांचं वास्तव त्या आकड्यात दिसतं. चाकरमानी आईसाठी मुंबईतून औषध घेतो, गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो. ते संपलं की इथल्या दुकानातून त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी येते. रंग वेगळा, आकार वेगळा, नाव वेगळं. मग एक तर ‘ही आपली नव्हे’ म्हणून ती बाजूला पडते, नाहीतर जुनी आणि नवी दोन्ही घेतल्या जातात. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅक रक्तदाब वाढवते, हे त्या आईला कुणी सांगितलेलं नसतं. सुकट, सुके बोंबील, लोणचं, खारातल्या मिरच्या यांतलं मीठही हिशेबात धरलं जात नाही.

यांतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न शिकलेल्या फार्मासिस्टला हाताळता येतो. दोन पट्ट्या एकाच औषधाच्या आहेत हे तो बघताक्षणी ओळखतो. पाय सुजत असतील तर ‘काकू, गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील’ हे तो सांगू शकतो. अटेनोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर रक्तदाब आणि हृदयाचे ठोके उसळू शकतात, हा इशारा देऊ शकतो. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवून देऊ शकतो.

एवढ्याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ६५ वर्षांवरच्या २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे रोज चार किंवा जास्त औषधं घेणारे. फार्मासिस्टने समजावून सांगितलं, वेळेनुसार गोळ्या बांधून दिल्या, नियमित भेटी ठेवल्या. औषधं घेण्याचं प्रमाण सहा महिन्यांत ६१.२ टक्क्यांवरून ९६.९ टक्क्यांवर गेलं. खरा धडा पुढचा आहे. त्यानंतर निम्म्या रुग्णांची ही सोय काढून घेतली. ज्यांची चालू राहिली त्यांचं प्रमाण वर्षअखेर ९५.५ टक्के होतं. ज्यांची थांबली त्यांचं ६९.१ टक्क्यांपर्यंत घसरलं. या लोकांना औषधाचं महत्त्व कळलेलं होतं. सहा महिन्यांत ते विसरले नव्हते. तुटला होता तो संपर्क. म्हणजे एखादं शिबिर, एखादं भित्तिपत्रक किंवा एकदाच दिलेला सल्ला यांवर भिस्त ठेवून चालणार नाही. महिन्याच्या महिन्याला कुणीतरी विचारणारं हवं, आणि महिन्याच्या महिन्याला रुग्ण जिथे जातो ती जागा औषधाचं दुकान आहे.

शेजारी पाहिलं तर संपर्काची ही घडी सरकारी यंत्रणेने बसवून दाखवली आहे. १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग हा, २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. सोबत सातारा, वर्धा आणि भंडारा. ठरलेली मोजकी औषधं, महिनाभराच्या गोळ्या घराजवळच्या केंद्रात, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्याचा पाठपुरावा, असं त्याचं साधं रूप. २०२२ मध्ये या उपक्रमाला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण ही नोंद सरकारी दवाखान्यात येणाऱ्याची. जो खासगी डॉक्टरकडे दाखवून बाजारातल्या दुकानातून गोळ्या घेतो, तो या वहीत कुठेच नाही.

कायद्याने दार उघडं ठेवलं आहे. १९४८च्या फार्मसी कायद्याखाली २०१५ मध्ये आलेल्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समुपदेशन करणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम म्हणून मांडलं. अर्थकारण मात्र उलट्या दिशेने ओढतं. किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला आहे. पंचवीस रुपयांची पट्टी धरली तर हाती येतात साडेतीन रुपयांच्या आसपास. त्यात दहा मिनिटं बसवून रक्तदाब मोजा, वही लिहा, न आलेल्याला फोन करा, ही अपेक्षा फुकटात ठेवणं अन्यायाचं आहे.

आक्षेपही खरे आहेत. अनेक दुकानांत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि माणूस नसतो. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना त्यांनी याविरुद्ध कारवाई सुरू केली, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकानं बंद ठेवण्यापर्यंत मजल मारली. दुसरी शंका, विकणाराच सल्ला देणार असेल तर तो जास्त विकण्याचाच सल्ला देईल. तिसरी, फार्मासिस्ट उद्या डॉक्टर होऊन बसेल. या तिन्हींवर उत्तर एकच: मोबदला विक्रीवर नको, नोंदीवर हवा. फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असलेल्या दुकानालाच तो मिळावा. औषध बदलण्याचा अधिकार डॉक्टरांकडेच राहावा. आणि पैसे द्यावेत ते रुग्णाची महिन्याची भेट, मोजलेला रक्तदाब आणि गैरहजर रुग्णाला केलेला फोन यांचे.

हे अनोळखी नाही. क्षयरोगासाठी सरकारने औषधाच्या दुकानातल्या नोंदीचा बराचसा असाच वापर केला आहे. २०१४ पासून क्षयाची औषधं ‘एच-वन’ परिशिष्टाखाली वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागतात आणि २०१८च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यालाही रुग्णाची माहिती कळवणं बंधनकारक झालं. क्षयाच्या पाठपुराव्यासाठी जो काउंटर चालतो, तो रक्तदाबासाठी न चालण्याचं कारण नाही. फरक इतकाच, की इथे सक्तीपेक्षा रुग्णाची संमती आणि दुकानदाराचा मोबदला या पायावर काम उभं राहायला हवं.

रत्नागिरीत त्यासाठी माणसं आहेत. सावर्डे आणि देवरुखजवळचं साडवली इथे फार्मसी महाविद्यालयं आहेत. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रशिक्षणाचा भाग म्हणून तालुक्याच्या दुकानांत बसवता येईल. गणपतीत चाकरमानी गावी येतात, तेव्हा आईची चिठ्ठी दुकानात दाखवून, तिच्या संमतीने आपला फोन नंबर नोंदवून जाणं, एवढं मुंबईकर मंडळांनी प्रत्येक वाडीत सांगावं. पट्टी संपून आठवडा झाला आणि आई आली नाही, तर दुकानातून आधी तिला आणि मग मुलाला फोन जाईल.

वर्षभराने दोनच आकडे मागावेत: पहिल्या महिन्यात नाव नोंदवलेल्यांपैकी बाराव्या महिन्यात किती जण गोळी न्यायला आले, आणि त्यांतल्या किती जणांचा रक्तदाब १४०/९०च्या खाली होता. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊही तालुक्यांचे हे आकडे जाहीर झाले, तर पुढच्या वर्षीचा आरोग्याचा पैसा कुठे लावायचा याचा निर्णय जिल्हा परिषदेला अंदाजावर घ्यावा लागणार नाही.